बट्टा

महाडच्या एस. टी. स्थानकाबाहेरील चहाच्या टपरीवर, पोलादपूरची गाडी लागेपर्यंतच्या अवधीत, ज्या राष्ट्रीय प्रश्नांचा कायमचा निकाल लावण्यात येतो, त्यांत रुपयाच्या अधःपाताचा प्रश्न सांप्रत अग्रभागी आहे. परवा आमच्या पोलादपूरच्या एका स्नेह्यांनी बशीतला चहा निववीत असा सिद्धान्त मांडला, की सत्तेचाळीस साली एका रुपयास एक डॉलर येत असे, पुढे राज्यकर्त्यांनी त्याची माती केली, आणि आज डॉलरने ऐंशीचा आकडा मागे टाकल्यामुळे देशाच्या नावाला बट्टा लागला आहे. बाकावरील मंडळींनी माना डोलावल्या. आणि ज्या विधानास बाकावरील पाच जणांनी माना डोलावल्या, त्यास आमच्याकडे अन्य दाखल्याची गरज उरत नाही.

वास्तविक त्या साली रुपया बांधलेला होता तो इंग्रजांच्या पौंडाशी, १ शिलिंग ६ पेन्स या भावाने. म्हणजे पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडास त्या वेळी ४ डॉलर ३ सेंट येत, तेव्हा डॉलरची किंमत ३ रुपये ५ आण्यांच्या घरात जाते. हे त्रैराशिक इतर गावांनी मांडले नाही तर ते क्षम्य मानता येईल; महाडाला मात्र ती सवलत नाही. रायगडाच्या वाटेवरील नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे जगातील नाण्यांची सोयरीक ठरत होती, तेव्हा आपल्या देशाच्या प्रतिनिधींत ते होते. आणि ज्या डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या मार्च महिन्यात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांनी त्याच्या चार वर्षे आधी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लिहून, रुपयाला विलायतेत काय भाव येतो यापेक्षा घरच्या बाजारात त्याला किती जिन्नस येतो हे अधिक महत्त्वाचे, असे प्रतिपादिले होते. आम्ही तळ्यास वंदन करतो. ग्रंथास करीत नाही, कारण तो वाचावा लागतो.

स्नेह्यांना हे सांगताच ते म्हणाले, “अहो, तुमचा जमाखर्च राहू द्या. अब्रूचं काय?” अब्रूची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, की या गृहस्थांचे चिरंजीव कुवेतला नोकरीस असून, तेथून येणाऱ्या दिनाराचा भाव वर चढला की तीर्थरूप सकाळच्या पहिल्या गाडीने महाडच्या बँकेत हजर होतात, आणि परतताना टपरीवर बसून रुपयाच्या दुर्दशेबद्दल हळहळतात. १९६१ पर्यंत खुद्द कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे. आखातासाठी म्हणून आपली रिझर्व्ह बँक १९५९ पासून वेगळ्या नोटाही काढीत असे. कुवेतने स्वतःचा दिनार काढला तेव्हा तो १३ रुपये ३३ पैशांचा होता. आज तो अडीचशेच्या वर आहे. पुढे दिल्लीने ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा केला, आणि त्या धक्क्याने कतार व दुबईकडील राज्यांनीही रुपयास रामराम ठोकला. त्या अवमूल्यनाची तारीख होती ६ जून १९६६. रायगडावर राज्याभिषेक झाला तीही ६ जूनच. दिल्लीकरांच्या पंचांगात आमच्या डोंगराची नोंद नसावी.

बट्टा हा शब्द मुळात सराफकट्ट्यावरचा. झिजलेले किंवा परमुलखातले नाणे पुढे आले म्हणजे त्याचा कस आणि वजन पाहून सराफ जी कसर कापून घेई, ती बट्टा. तो पेढीवरून उठून नावावर जाऊन बसला, तेव्हापासून तो कोणाच्या पदरी पडतो हे विचारण्याचे आम्ही सोडून दिले. हा प्रश्न १६७४ साली विचारला गेला होता, तोही याच तालुक्यात. राज्याभिषेकास रायगडी आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन, ज्याच्या मंडळींचा मांसाहार पाहून तेथील म्हातारा खाटीकही चकित झाल्याची नोंद आहे, त्याने तहाच्या कलमांत मागणे घातले, की मुंबईत पाडलेले आमचे नाणे आपल्या मुलखात चालावे. शिवछत्रपतींकडून उत्तर आले, त्याचा आशय असा, की कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही, परंतु ज्यात रयतेचे नुकसान ते नाणे घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. कसाला आणि वजनाला ते मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याच्या तोडीचे असेल तर बेलाशक चालेल. या उत्तरात नाण्यावर कोणाचा छाप आहे याची मातब्बरी नाही. बट्टा रयतेवर बसू नये, एवढीच दक्षता आहे.

एवढ्यात पोलादपूरची गाडी लागली. स्नेह्यांनी घाईघाईने टपरीवाल्यापुढे दहाची एक नोट केली; मध्ये फाटलेली, चिकटपट्टीने सांधलेली, आणि मोठ्या शिताफीने घडी घालून दिलेली. टपरीवाल्याने ती उलगडली, उजेडात धरली आणि परत केली. “ही नाही चालायची, काका. दुसरी द्या.”

काकांनी रुपयाच्या अब्रूविषयी चकार शब्द न काढता दुसरी दिली. रायगडावरचे ते कलम महाडात अद्याप अमलात आहे.