‘माझ्याकडेही अगदी अशीच होती’ म्हणणाऱ्या गृहस्थांस

श्री. रा. रा. वुडवर्ड मार्गावरील पेट्रोलपंपाचे स्वयंनियुक्त परीक्षक, वय अदमासे चौऱ्याहत्तर, डोईस निळी टोपी, यांसी –

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

हे पत्र मराठीत आहे आणि आपण जन्माने व निवासाने मिशिगनकर असल्यामुळे त्यातले एक अक्षरही आपणांस लागणार नाही, ही त्याची सर्वांत मोठी सोय होय. माझे मराठी ज्यांच्या पत्रांवर पोसले गेले ते माझे आजोबा साताऱ्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. तक्रार करावयाची तर ती रीतसर, तपशीलवार आणि वाचणारा कंटाळून मंजूर करील इतक्या लांबीची करावी, असा त्यांचा शिरस्ता होता. तोच मी पाळीत आहे.

गेल्या जून महिन्यातील एका शनिवारी, सायंकाळी सातच्या सुमारास, रॉयल ओकमधील पंपावर मी माझ्या १९७२ सालच्या प्लिमथ डस्टरमध्ये पेट्रोल भरीत उभा असता आपण आपला ट्रक तसाच सोडून माझ्या दिशेने येऊ लागलात, तेव्हा आपले ओठ हलण्यापूर्वीच पुढील वाक्य मला तोंडपाठ होते. ‘माझ्याकडेही अगदी अशीच होती.’ गाडी माझ्याकडे आल्याला चौदा महिने झाले. एवढ्या अवधीत हे वाक्य मी इतक्या इसमांच्या मुखातून ऐकले आहे की, त्या साऱ्यांच्या जबान्या खऱ्या मानल्या तर प्लिमथवाल्यांनी दुसरे काहीही न करता केवळ डस्टरच काढल्या आणि त्या सगळ्या या एकाच परगण्यातील पोरांत वाटून टाकल्या, असे अनुमान निघते. असो. स्मरणरंजनावर कर नाही.

माझी तक्रार त्यापुढील प्रश्नाबद्दल आहे. ‘वडिलांची का रे?’

माझे वडील नव्वदच्या दशकात पुण्याहून येथे आले ते मोटारींचे ब्रेक आखण्यासाठी. ते टोयोटा कॅमरी चालवितात, माझ्या गाडीचा उल्लेख ‘ते भंगार’ असा करतात, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या वाहनात आपला मुलगा बसतो हे त्यांच्या आयुष्यभराच्या व्यवसायावरचे भाष्य आहे असे मानून, दर रविवारी तिच्याखालचा तेलाने भिजलेला पुठ्ठा मुकाट्याने बदलतात. गाडीचे साडेसात हजार डॉलर मी दोन हिवाळे एका गोदामात रात्रपाळी करून जमविले. प्रश्न माझ्या वर्णामुळे आला असेही मला म्हणवत नाही. १९६९ सालची शेव्हरोले नोव्हा बाळगणाऱ्या माझ्या गोऱ्यापान मित्रालाही हाच प्रश्न विचारला जातो. आपल्या वयाच्या मंडळींना तेवीस वर्षांचा मनुष्य अशा गाडीचा मालक म्हणून दिसतच नाही. फार तर राखणदार म्हणून दिसतो.

त्यानंतर आपण, कोणतीही परवानगी न मागता, मला बॉनेट उघडावयास लावलेत. ‘तीनशेचाळीस?’ ‘नाही, तीनशेअठरा.’ ‘ओह.’ मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींनी तिचे शिक्षण विचारावे, उत्तर ऐकावे आणि पोह्यांची बशी अलगद खाली ठेवावी, तसा तो ‘ओह’ होता. १९७२ सालच्या ३४० घनइंची इंजिनाची अश्वशक्ती २४० आणि माझ्या ३१८ ची १५०, हे मला ठाऊक नसेल अशी आपली समजूत होती काय? गाडीच्या क्रमांकातील पाचवे अक्षर मी रोज पुसतो. ते ३१८ चे ‘जी’ आहे, ३४० चे ‘एच’ नाही. ‘एच’वाली गाडी आज ज्या मोबदल्यास मिळते तेवढ्यासाठी मला अजून किती हिवाळे गोदामात काढावे लागतील याचा हिशेब मी केलेला आहे. एवढ्यावर आपले समाधान झाले नाही. मागच्या चाकावरील पत्र्यावर आपण बोटाच्या पेराने टकटक केलेत. पुढे टणटण वाजले, चाकाच्या कडेशी थप्प असा बसका आवाज आला, आणि आपण माझ्याकडे पाहून मान हलवलीत. होय, तेथे पुट्टी आहे. पन्नास हिवाळे या राज्याने रस्त्यावर मीठ टाकले, ते मी टाकलेले नाही.

पेट्रोलातील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाते, आणि ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून पाटी घ्यावी तर ऑगस्ट महिना वगळता मिरवणूक-संमेलनांखेरीज बाहेर काढण्याची मुभा जवळजवळ नाही, या किरकोळ बाबी होत. त्या मी सोडून देतो.

सोडवत नाही ते हे. ही वाहने कोणासाठी निर्माण झाली? १९६४ साली पाँटिॲकच्या अभियंत्यांनी, मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये हा आपल्याच कंपनीचा हुकूम, ३८९ चे इंजिन केवळ ‘पर्यायी साहित्य’ म्हणून विकण्याची मखलाशी करून धाब्यावर बसविला आणि जीटीओ बाजारात आणली, ती कोणा निवृत्त बँक मॅनेजरास खूश करण्यासाठी नव्हे. १९६८ साली प्लिमथने रोडरनर काढली तेव्हा आत गालिचा घातला नाही, शोभेच्या वस्तू गाळल्या, व्यंगचित्रातल्या पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी मात्र पन्नास हजार डॉलर मोजले आणि त्याच्यासारखा बीप-बीप करणारा भोंगा बसविला. मूळ किंमत २,८९६ डॉलर. हा सारा खटाटोप नुकत्याच नोकरीस लागलेल्या पोराच्या खिशाकडे पाहून केलेला होता. त्याच जातकुळीतील १९७१ सालची एक उघड्या टपाची हेमी कुडा २०१४ साली सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. पोरांसाठी बांधलेल्या गाड्या आज उबदार गॅरेजांत पांघरुणाखाली निजतात, प्रदर्शनास जाताना स्वतःच्या चाकांवर न जाता ट्रेलरवर बसून जातात, आणि त्यांच्या दारावर ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. अरे, तुम्ही विशीत होतात तेव्हा त्या तुमच्या होत्या, पन्नाशीत पैसा आला तेव्हा त्या तुम्ही पुन्हा विकत घेतल्यात, आणि सत्तरीत पंपावर उभे राहून मला विचारता, वडिलांची का? होय, वडिलांचीच! सगळ्या गाड्या वडिलांच्याच आहेत. आमच्या वाट्याला ३१८ आणि पुट्टी!

क्षमा असावी. शिरस्ता सुटला.

आता त्या सायंकाळचा उरलेला वृत्तांत, जो गाळला असता तर माझी कैफियत पुष्कळ भक्कम झाली असती. मी बॉनेट मिटून किल्ली फिरविली. क्रायस्लरच्या स्टार्टरचा तो उंच, कण्हत चढणारा स्वर, ज्याला इकडचे लोक ‘हायलंड पार्कचा गुंजनपक्षी’ म्हणतात, तो उमटला, इंजिन पेटले, आणि किल्ली सोडताच विझले. पुन्हा पेटले, पुन्हा विझले. मागे तीन गाड्या खोळंबल्या. आपण माझ्या पाठीशी उभे राहून, काही न पाहता म्हणालात, ‘रेझिस्टर.’ मग ट्रकमधून बोटभर तार आणलीत आणि इंजिनामागच्या पत्र्यावर एका स्क्रूने बसविलेला तो पांढऱ्या चिनीमातीचा तुकडा, ज्याच्याकडे मी चौदा महिन्यांत कधी लक्षही दिले नव्हते, त्याची दोन टोके त्या तारेने जोडलीत. आपले हात थरथरत होते. तार मात्र पहिल्याच खेपेस बसली. ‘स्टार्टर फिरतो तोवर वीज याला टाळून थेट कॉइलकडे जाते, किल्ली सोडली की यातून जाते. हा जळला की असेच होते. या तारेवर घरी जा. लांब जाऊ नकोस, पॉइंट्स जळतील.’

मी आभार मानले, आणि विषय निघाला म्हणून विम्याचे सांगितले. जुन्या मोटारींचा विमा उतरविणाऱ्या एका कंपनीने, अर्जदाराची पंचविशी पूर्ण नाही एवढ्या कारणावरून माझा अर्ज नामंजूर केला आहे, आणि साध्या विम्याचा मासिक हप्ता माझ्या खोलीभाड्याच्या निम्मा आहे. आपण हसला नाहीत. किती, एवढेच विचारलेत. मी आकडा सांगितला. आपण टोपी काढलीत, पुन्हा घातलीत, आणि सांगितलेत की १९७० साली, विसाव्या वर्षी, आपण २,५४७ डॉलरची नवी कोरी डस्टर ३४० कर्जाने घेतली होती. गाडीच्या हप्त्यापेक्षा विम्याचा हप्ता अधिक निघाला, कारण पंचविशीखालचा पोरगा आणि मोठे इंजिन हा संयोग विमेवाल्यांनी तेव्हाच गुन्हेगारीच्या सदरात टाकला होता. सात महिन्यांनी आपण ती विकलीत. घेणारा चाळीस वर्षांचा दंतवैद्य होता. पुन्हा कधी घेणे झाले नाही. आधी मुले होती, आणि मुले मोठी होईपर्यंत किमती मोठ्या झाल्या.

म्हणजे ज्या पिढीवर मी वर एक संपूर्ण परिच्छेद खर्च केला तिच्यात आपण मोडतच नाही. मोडतो तो दंतवैद्य. परिच्छेद मात्र मी खोडणार नाही. त्याने तो वाचावा.

रेझिस्टर मी दुसऱ्या दिवशी बदलला. आपली तार हातमोज्यांच्या कप्प्यात, एका जादा रेझिस्टरशेजारी ठेवली आहे. वाचकांपैकी जे कोणी डेट्रॉइटच्या आसपास राहतात आणि ज्यांना रॉयल ओकच्या पंपावर निळ्या टोपीचे, परक्या गाड्यांवर टकटक करणारे गृहस्थ भेटतील, त्यांनी कृपा करून एवढा निरोप पोहोचवावा: ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, वुडवर्डवर मिरवणुकीची गर्दी होण्यापूर्वी, सकाळी सात वाजता मी त्याच पंपावर असेन. गाडी त्यांनी चालवावी, मी शेजारी बसेन. ३४० हा आकडा तोंडातून निघाल्यास मात्र वाटेत उतरविण्यात येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
३१८ चा मालक