दहा सह्यांचं कुत्रं

ऐकलंत का? सुरतेत म्हणे आता कुत्रं पाळायचं तर मुलगी द्यायच्या आधी करतात तशी चौकशी होते. तीही कुत्र्याची नाही, तुमची! महापालिकेकडे परवाना मागायला जा, तर दहा शेजाऱ्यांची संमती आणा म्हणतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीचे प्रमुख आणि सेक्रेटरी यांचीही हवी. 2025 साली ही बातमी फुटली आणि अख्ख्या शहरात जिन्याजिन्यातून एकच विषय. दहा शेजारी! अहो, नव्या टॉवरमधल्या माणसाला शेजारच्या दारावरच्या पाटीपलीकडे काही ठाऊक नसतं. तो दहा सह्या आणणार कुठून?

पण चूक महापालिकेची की लोकांची, हे ठरवण्याआधी या शहराला चढलेला श्वानज्वर बघा. वेसू, पाल, पिपलोद, जिकडे जाल तिकडे संध्याकाळी पट्टा हातात धरून कुणी ना कुणी ओढलं जातंय. कोण कुणाला ओढतंय ते विचारू नका. आणि जात कोणती? हस्की! बर्फात गाडी ओढणारं जनावर सुरतेच्या घामट उन्हात. ज्या घरात आजोबांना एसी सोसत नाही म्हणून पंख्याखाली झोपवतात, त्याच घरात हस्कीसाठी एसी दिवसरात्र चालू. आजोबा तक्रार करत नाहीत. दुपारी हळूच हस्कीच्या खोलीत जाऊन पडतात. वाढदिवसाला हस्कीचा केक वेगळा, बिनसाखरेचा. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ म्हणणाऱ्या गावात बिनसाखरेचा केक, तोही कुत्र्याचा! घारीत तूप कमी पडलं तर भांडणारी ही माणसं.

श्रीमंतांचं सोडा. हिऱ्याचे नि साड्यांचे पैसे आहेत, उडवू देत. खरी गंमत आपल्या लोकांची आहे. सुरतेत आपले लोक म्हणजे बहुतेक खानदेशी. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाईनच्या गाडीत बसायचं, अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत असलेलं नवापूर स्टेशन ओलांडायचं आणि उधन्याला उतरायचं. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा भागात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती. पालिकेच्या मराठी शाळासुद्धा आहेत. अशा घरातली तरुण पोरं आता ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात, साहेबाच्या मोबाईलमध्ये त्याच्या लॅब्रॅडॉरचे फोटो बघतात, आणि पुढच्या महिन्यात वन रूम किचनमध्ये पिल्लू हजर. पिल्लू असतं तोवर मकानमालकही कुरवाळतो. सहा-आठ महिन्यांत त्याचं धूड होतं, शेपटीच्या एका फटक्यात टीपॉयवरचे कप खाली, आणि मग सुरू होते घरशोधणी.

ती बघण्यासारखी असते. दलाल पहिल्यांदा विचारतो, फॅमिली की बॅचलर. मग विचारतो, व्हेज की नॉनव्हेज. इथे बऱ्याच खानदेशी नवऱ्यांचा आवाज खोल जातो. अंडं नॉनव्हेजमध्ये धरायचं का, यावर जिन्यातच बायकोशी डोळ्यांनी चर्चा होते. एवढ्यातून पार पडलं की तिसरा प्रश्न येतो आणि नवरा घसा खाकरतो, ‘भाऊ, एक कुत्रा आहे. छोटा आहे.’ तीस किलोचा लॅब्रॅडॉर ‘छोटा’! दलाल म्हणतो, ‘कूतरो? ना भाई, नहीं चाले.’ पेट चालतील अशी जाहिरात केली होती ना तुम्ही? हो, पण ती पोपटासाठी. फार तर माशांच्या टाकीसाठी.

मग काही मालक उदार होतात. चालेल म्हणतात, पण डिपॉझिट जास्त, भाडं जास्त, आणि कुत्रा व्हेज पाहिजे. हसू नका. शाकाहारी बिल्डिंगांत मालकाने कुत्र्याच्या जेवणाची चौकशी केली तर त्यात अचंबा वाटायचं इथे कारणच नाही. मग बिचारा लॅब्रॅडॉर दहीभात, खिचडी आणि सणासुदीला पनीर खाऊन राहतो. मालकीणबाई कौतुकानं सांगतात, ‘आमचा टायगर कांदा-लसूणसुद्धा खात नाही.’ कांदा-लसूण कुत्र्याला विषारीच असतात, त्यामुळे टायगरची साधना आपोआप साधली. मात्र रविवारी हाच टायगर डुमसच्या किनाऱ्यावर कुणाच्या तरी ऑम्लेटपावामागे कसा धावतो, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं बरं.

हे सगळं भाडेकरूचं दुखणं, हेही लक्षात घ्या. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा. घर बदललं की शेजारी बदलले, म्हणजे सह्या नव्या. कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. त्यात किती जिने चढायचे आणि किती बेल वाजवायच्या, हिशेब तुम्हीच करा. निवडणुकीला उभं राहणारा माणूस पाच वर्षांतून एकदाच दारोदार फिरतो.

आता कायदेवाल्यांची मौज. भारतीय प्राणी कल्याण मंडळ नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. 1962 साली स्थापन झाली, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्या पहिल्या अध्यक्षा. या मंडळानं 2015 साली सोसायट्यांसाठी सूचना काढल्या: पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, बहुमतानं ठराव करून पोटनियम बदलला तरी नाही. लिफ्ट नाकारता येणार नाही. कुत्रं भुंकतं एवढंच कारण बंदीला पुरणार नाही. म्हणजे मंडळाची सूचना सांगते, कुणाला विचारायची गरज नाही. आणि सुरतेचा अर्ज सांगतो, दहा जणांना विचारून या. दोन्ही कागद सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच संध्याकाळी येतात. त्या रात्री ग्रुपवर जे होतं, त्यापुढे कुत्र्यांची भांडणं सभ्य वाटावीत. प्रमुख म्हणतात, नियम म्हणजे नियम. तिसऱ्या मजल्यावरचे काका 2015 चा कागद पुन्हा टाकतात. एक बाई लिफ्टमधल्या केसांचा फोटो टाकतात. दुसऱ्या बाई ते केस प्रमुखांचेच असल्याचं सुचवतात. मग ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी व्यवस्था होते.

थट्टा पुरे, कारण या दहा सह्यांमागे एक वाईट घटना आहे. मे 2025 मध्ये अहमदाबादच्या हाथीजण भागात एका पाळीव रॉटवायलरने सोसायटीतल्या चार महिन्यांच्या बाळाचा जीव घेतला. अहमदाबादेत त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून पाळीव कुत्र्यांची नोंदणी सुरू झाली होती; घटनेनंतर गुजरातभर धाबं दणाणलं आणि सुरतेनंही परवान्याचा फास आवळला. लहान मूल असलेल्या आईनं सही करायला नकार दिला, तर तिच्यावर कोण हसेल? मी तरी हसणार नाही. माझा आक्षेप सहीला नाही. कुत्र्याला लस टोचलीय का, पट्टा बांधतात का, मालकाला ते आवरतं का, हे पालिकेनं तपासायचं. ते काम शेजाऱ्याच्या मर्जीवर टाकलं की पार्किंगचं जुनं भांडणसुद्धा कुत्र्याच्या अर्जावर निघतं. निघतंच हो!

आणि हे सगळं कुठे, तर सुरतेत. पारशांच्या सुरतेत! पारशी मयतात सगदीद नावाचा विधी असतो, मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी उत्तम मानतात. मुंबईत जे पारशी जाऊन बसले त्यांतले कित्येक सुरतेकडचेच. तिथे 1832 च्या जूनमध्ये सरकारनं भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशांनी फोर्ट भागात दंगा केला, बाजार बंद पाडले, गोऱ्या साहेबाचा पाव-दुधाचा पुरवठासुद्धा अडला. कुत्र्यासाठी साहेबाची न्याहारी अडवणारी माणसं! आणि आपण तरी काय कमी? आपल्या दत्तगुरूंच्या पायाशी एक नाही, चार कुत्री. दत्ताची तसबीर दारावर लावलेल्या एका मराठी घरमालकानंच माझ्या ओळखीच्या, टायगरवाल्या जोडप्याला कुत्र्यावरून घर नाकारलं. तसबिरीतली चारही कुत्री माझ्याकडे बघत होती, असं त्या नवऱ्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, त्यांच्याही दहा सह्या व्हायच्यात.

शेवटी त्या जोडप्याला घर मिळालं कुठे, ते ऐका. वेसूला नाही, पालला नाही, दिंडोलीत. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, पाणी दोन वेळा. भाडं त्यांच्या पगारात बसलं. आणि सह्या? एका संध्याकाळी झाल्या. कारण तिथे दारं दिवसभर उघडी असतात, कुणाच्या पोराला कुठली शाळा नि कुणाच्या सासूला कुठली गोळी, हे सगळ्या मजल्यांना तोंडपाठ असतं. तळमजल्याच्या आजींनी सही करण्याआधी अट घातली, ‘मना दारसमोर घाण करानी नही.’ अहिराणीत सांगितलं म्हणून असेल, पण टायगरनं अजून तरी पाळलीय. वर एका मावशींनी स्वतःहून अकरावी सही दिली, लागली तर असू दे म्हणून.

वेसूच्या टॉवरात स्विमिंग पूल आहे, क्लब हाऊस आहे, काही ठिकाणी कुत्र्यांसाठी म्हणून हिरवळीचा तुकडाही राखलाय. शेजारी मात्र ब्रोशरमध्ये नसतात. तिथे पेट-फ्रेंडली फ्लॅट मिळतोच, पण तो पगारात बसत नाही; आणि बसला तरी सह्यांसाठी दारं उघडत नाहीत, कॅमेऱ्यात बघून आतूनच ‘कोण?’ विचारतात. तिथल्या हस्कीवाल्यांनी सह्या कशा मिळवल्या, याबद्दल गावात बऱ्याच कहाण्या आहेत. एकीत मिठाईचे डबे आहेत, दुसरीत मेन्टेनन्सची थकबाकी आहे. मी त्यातली एकही छापणार नाही, मला अजून सुरतेत राहायचंय.

तेव्हा पिल्लू आणायच्या विचारात असाल तर एक करा. आधी कागद-पेन घेऊन आपल्याच जिन्यात फिरा. दहा सह्या मिळाल्या तर पिल्लू आणा. तीनच मिळाल्या तर पोपट आणा, तो दलालालाही चालतो.