निलंग्याचा द्राक्षपंडित

वाइनविषयी बोलता यावे एवढ्यासाठी जो वाइन पितो, त्याला द्राक्षपंडित म्हणावे. ही जात मूळची नाशिक-पुण्याकडची असली, तरी कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता तिचे एक-दोन नमुने आढळू लागले आहेत. हा गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, डॉक्टर किंवा बडा आडत व्यापारी असतो, आणि हिंजवडीला आयटीत असलेल्या मुलाने त्याला एका सुट्टीत नाशिकजवळच्या वायनरीत, म्हणजे द्राक्षे चिरडून, आंबवून व मुरवून वाइन करण्याच्या कारखान्यात, नेऊन आणलेले असते. तिथे पाच-सहा पेल्यांच्या तळाशी बोटभर वाइन ओतून ती कशी चाखावी हे सांगतात. दोन वर्षे शिकवणी लावल्यावाचून काही येत नाही असे मानणाऱ्या लातूर जिल्ह्यातला हा माणूस वाइनचे समग्र ज्ञान मात्र पाऊण तासात आत्मसात करून रात्रीच्या गाडीने परततो.

या ज्ञानाची ओढ समजण्यासाठी एका शब्दाचा इतिहास पाहावा लागतो. निलंगा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि सरकारला ठरलेली रक्कम भरून घेतलेल्या मक्त्याला या भागात गुत्ता म्हणत. शिंदी व दारू विकण्याचा हक्कही असाच मक्त्याने दिला जाई. म्हणून दारूचे दुकान तो गुत्ता, आणि आज रस्ते-पुलांची कामे घेणारा तो गुत्तेदार. हे दोन्ही शब्द एकाच घरचे असल्याने गावाच्या कानाला ‘पिणे’ या क्रियेत आजही गुत्त्याचा वास येतो, आणि द्राक्षपंडिताची सारी धडपड त्या वासातून सुटण्याची असते. व्हिस्की प्यायची तर काळ्या काचेच्या परमिट रूममध्ये तोंड लपवून शिरावे लागते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, म्हणून त्या खोलीचे हे नाव. वाइनच्या पाठीशी मात्र शेतकरी उभा आहे. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांतून वाइन विकण्यास मान्यताही दिली. विरोधामुळे तो निर्णय रखडला. पण त्या वादात ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे जे वाक्य गाजले, ते पंडिताने महावाक्य म्हणून उचलले. एक पेला घेतला की आपण नाशिकच्या बागायतदाराचे कर्ज फेडतो आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि दुसरा पेला तो व्याजापोटी घेतो.

उच्चभ्रू समाजात वाइनची खरी प्रतिस्पर्धी कॉकटेल ही होय. मद्यात साखर, पाणी आणि ‘बिटर्स’ नावाचा कडू अर्क मिसळलेले पेय, अशी तिची व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ साली छापली. तिचा पूर्वज मानला जाणारा ‘पंच’ तर आपल्याच ‘पाच’ या शब्दावरून आला, अशी व्युत्पत्ती प्रचलित आहे. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे त्याचे पंचामृत. एवढे कुलशील असूनही निलंग्यात कॉकटेलला मान नाही. याचे पहिले कारण असे की परमिट रूमच्या भाषेत, क्वार्टर संपल्यावर उरलेली बिअर तिच्याच पेल्यात ओतणे म्हणजे कॉकटेल. दुसरे कारण मंगल कार्यालयात सापडते. हल्ली लग्नाच्या जेवणात पाणीपुरीशेजारी मॉकटेलचा, म्हणजे बिनमद्याच्या कॉकटेलचा, काउंटर असतो आणि तिथले निळे पेय छत्री खोचलेल्या पेल्यातून पहिलीतली पोरे ढोसत असतात. जे पेय पिऊन बंड्याची जीभ निळी होते, ते पिऊन प्रतिष्ठा वाढण्याचा संभव नाही. तिसरे कारण सर्वांत खोल आहे. कॉकटेल उत्तम झाली तर वाहवा ती बनवणाऱ्याची होते, पिणाऱ्याला फक्त पैसे द्यायचे असतात. वाइनचे श्रेय मात्र बाटली उघडणारा स्वतःकडे घेऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला काहीही बनवावे लागत नाही.

पंडिताचे प्रात्यक्षिक जवळून पाहण्यासारखे असते. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम तो कटाक्षाने पाळतो. हा नियम युरोपातल्या थंड घरांचा, म्हणजे १६ ते १८ अंशांचा. निलंग्याच्या खोलीत मे महिन्यात पारा चाळिशीकडे झुकलेला असल्याने पाहुण्यांच्या वाट्याला वाइनऐवजी काढा येतो. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवावी, असेही त्याने ऐकलेले असते. त्याच्या बाटलीला बुचाऐवजी फिरकीचे झाकण असते, तरीही तो ती वाड्यातल्या बळदात, म्हणजे धान्य साठवण्याच्या कोठीत, ज्वारीत आडवी पुरून ठेवतो आणि दळणाच्या दिवशी घरच्यांची बोलणी खातो. मग एखाद्या संध्याकाळी गच्चीवर गुत्तेदारमित्राला बोलावून तो पेला दांडीला धरतो, हवा मिसळून गंध मोकळा व्हावा म्हणून गोल फिरवतो, त्यातले चार थेंब स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर घेतो, नाक पेल्यात खुपसतो, डोळे मिटतो आणि ‘मातीचा स्वाद जाणवतोय’ असे जाहीर करतो. चौदा एकरांचा मालक असलेला गुत्तेदार गंभीरपणे विचारतो, “काळी का मुरमाड?”

प्रश्न वावगा नसतो. जमीन, उतार, पाऊस आणि वारा यांचा जो ठसा द्राक्षाच्या चवीवर उमटतो, त्याला फ्रेंच लोक ‘तेरुआ’ म्हणतात, आणि गुत्तेदाराने नेमके तेच विचारलेले असते. भाकरीचा तुकडा मोडून ज्वारी कोणत्या शिवारातली हे सांगणारी माणसे या तालुक्यात आहेत. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. टंचाईच्या अशा उन्हाळ्यांनी टँकरचे पाणी, बोअरचे पाणी आणि आडाचे पाणी नुसत्या घोटावर ओळखायला या जिल्ह्याला शिकवले. या विद्येचे वर्ग कोणी काढले नाहीत, म्हणून तिला प्रतिष्ठा नाही. पंडित मात्र उत्तर देत नाही, कारण हा भाग पाऊण तासात झालेला नसतो; तो खारे शेंगदाणे पुढे सरकवून, चीज नसल्यास हेही चालतात, असे सांगतो.

त्याच्या पांडित्याची परीक्षा मार्गशीर्ष अमावास्येला होते. या दिवशी, म्हणजे येळवशीला, निलंग्यासह लातूर जिल्ह्यातली गावे ओस पडतात आणि सारी माणसे शेतात जाऊन कडब्याच्या कोपीपुढे पूजा करून भज्जी, उंडे आणि आंबील यांवर ताव मारतात. आंबील म्हणजे ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचे पेय. ते मातीच्या बिंदग्यातून येते, सावलीत आपोआप हवे तेवढे गार राहते, त्याची चव घरागणिक बदलते आणि त्यात आंबटपणा, लसणाचा गंध व जिभेवर रेंगाळणारा शेवट असे सगळे काही असते. पंडिताने शिकलेला एकूण एक शब्द इथे लागू पडतो. पण इथे तो पेला फिरवत नाही, हुंगत नाही, डोळेही मिटत नाही. तिसरा पेला रिकामा करून तो मिशीवरची आंबील पालथ्या हाताने पुसत असतो, तेव्हा बांधावर बसलेला गुत्तेदार संधी साधून विचारतो, “काय डॉक्टरसाहेब, माती लागायलीय का?”

पंडित पेला पुढे करून म्हणतो, “वाढ.”