आडवी, उभी आणि तटस्थ

गावातल्या देशी दारूच्या दुकानावर मतदान लागलं आणि पक्षाच्या गावशाखेची झोप उडाली. निवडणुकीत असं होत नाही. उमेदवार वरून येतो, घोषणा वरून येते आणि शाखा सतरंज्या उचलते. इथे मतपत्रिकेवर उमेदवारच नाही, दोन बाटल्या आहेत. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. दोघींपैकी एकीनेही पक्षाकडे तिकीट मागितलेलं नाही, एकीचीही जात ठाऊक नाही आणि निवडून आल्यावर कोणती कुठल्या पक्षात जाईल याचा अंदाज नाही. अशा वेळी भूमिका घ्यायची म्हणजे कार्यकर्त्यांनी स्वतः विचार करायचा. शाखा स्थापन झाली तेव्हा ही अट कोणी सांगितली नव्हती.

तरी बैठक बोलावली. तालुकाध्यक्ष खास गाडी काढून आले. हजर २१ जण. त्यांतल्या १९ जणांना या मतदानात मतच नव्हतं, कारण अर्ज महिलांनी केला होता आणि मतदानही महिलाच करणार होत्या. ज्यांना मत होतं त्या दोघींना चहाचं काय झालं ते बघायला बाहेर पाठवलं होतं. मग गंभीर चर्चा सुरू झाली.

पहिला प्रश्न : पक्षाची आजवरची भूमिका काय? चिटणीसांनी जुन्या फायली काढल्या. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, तिला शाखेचा पाठिंबा होता. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली, शाखेने स्वागत केलं. २०२१ साली ती उठली, शाखेने तेही स्वागत केलं. पत्रकाचा मजकूर तोच, फक्त तारीख बदललेली. २०२२ साली सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होऊ देणार नाही, अशी गर्जना विरोधकांनी केली होती. 

“तेव्हा आपण कुठं होतो? सत्तेत की विरोधात?” तालुकाध्यक्षांनी विचारलं.

“कोणते आपण, साहेब?” चिटणीस म्हणाले. मधल्या काळात पक्षाचे दोन झाले होते. चिन्ह एकीकडे गेलं, फायली दुसरीकडे राहिल्या. प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

खजिनदार मात्र थेट मुद्द्यावर आले. “२०२५च्या जूनमध्ये सरकारनं विदेशी मद्यावरचा कर वाढवला, तो वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे यावेत म्हणून. लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० टाकायचे, तर दाजींनी प्यायला नको? दुकान बंद करणं म्हणजे योजनेला विरोध.” एका ठेकेदार सदस्याने आठवण करून दिली की सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगत ५०० मीटरच्या आत दारू नको म्हटलं, तेव्हा आपल्याकडे दुकानं हलवण्याऐवजी रस्तेच पालिकांच्या नावावर करायची खटपट झाली होती. इच्छा असली की मार्ग निघतो. इथे तर तो नावासकट बदलता येतो.

तेवढ्यात महिला आघाडीच्या ताई चहा घेऊन आल्या. “दादा, पक्ष आडव्या बाटलीच्या बाजूनं आहे, एवढं एक वाक्य लिहा,” त्या म्हणाल्या. कपबशा वाजल्या. मग सगळे एकदम बोलू लागले. व्यसनमुक्तीला पक्षाचा तत्त्वतः पाठिंबा आहे. पण रोजगाराचाही विचार व्हावा. पण माताभगिनींचे अश्रू पुसले पाहिजेत. पण बंद केलं तर हातभट्टी वाढेल. ‘पण’ चौथ्यांदा आला तेव्हा युवा आघाडीच्या अध्यक्षाने मोबाइल बाजूला ठेवला. बैठकीत नियम वाचलेला हा एकटाच माणूस.

“साहेब, आपल्याला भूमिका घ्यायचीच गरज नाही,” तो म्हणाला. “२००८चा आदेश बघा. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान लागतं. पण दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानापैकी नाही, यादीतल्या सगळ्यांपैकी. समजा, यादीत २००० बायका आहेत. ११०० आल्या. त्यांतल्या ९५० जणींनी आडवीवर शिक्का मारला, १५० जणींनी उभीवर. कोण जिंकलं?”

“आडवी,” तालुकाध्यक्ष म्हणाले.

“उभी,” तो म्हणाला. “जी घरी बसली, तिचं मत उभ्या बाटलीला. जी सासरी गेली पण नाव काढलं नाही, तिचंही. जी आजी वारली आणि यादीत राहिली, ती तर पक्की उभ्या बाटलीची.”

खोलीत प्रकाश पडला. मतदारयादीत मयतांची नावं आहेत म्हणून याच शाखेने मागच्या विधानसभेला तहसीलसमोर उपोषण केलं होतं. आता त्याच नावांबद्दल सगळ्यांना आदर वाटू लागला. ठराव लगेच तयार झाला : ‘हा सर्वस्वी महिलांचा निर्णय असून पक्ष पूर्णपणे तटस्थ आहे. महिलांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार वागावं.’ तटस्थ माणसाचं मत मोजतात, तेही दुकानदाराच्या बाजूने, असं मतदान लोकशाहीत क्वचितच मिळतं. ते मिळालं असताना बाजू घेऊन वाईटपणा कोण पदरात घेईल?

पण नुसती तटस्थता पुरणार नव्हती, तिला हातभार हवा होता. म्हणून दुसरा ठराव आला : मतदानाच्या दिवशी गावातल्या समस्त महिलांसाठी तुळजापूर-अक्कलकोट मोफत देवदर्शन सहल. पहाटे पाचला निघायचं, रात्री परत. नाश्ता, जेवण, ओटीचं सामान पक्षातर्फे, आणि प्रत्येकीला तालुकाध्यक्षांचा फोटो छापलेली पिशवी.

“आधी मतदान करून मग निघू की,” ताई म्हणाल्या. “आठला मतदान सुरू होतं. नऊला बस सोडा.”

“ताई, देवीच्या कामात राजकारण आणू नका,” तालुकाध्यक्षांनी समज दिली.

बसच्या डिझेलचा प्रश्न निघाला तेव्हा मागे बसलेल्या एका सदस्याने हात वर केला. सगळ्या बस त्याच्याकडून. दुकानाचा परवाना त्याच्या मेहुण्याच्या नावावर आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही, हे त्याने स्वतःच स्पष्ट केलं. दानशूर म्हणून टाळ्या पडल्या आणि तसं इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

शेवटी ठराव मताला टाकले. बाजूने १९, विरोधात २. दोन्ही बहुमताने मंजूर. शाखेच्या वहीत सभासद ४०० आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांची मतं पडायला हवीत, असं तिथे कोणी म्हणालं नाही.