कायमचा हंगामी

वनस्पती जैवतंत्रज्ञानातला पोस्टडॉक ओळखायचा असेल तर त्याला घरी बोलवावं आणि गॅलरीतला पिवळा पडलेला कढीपत्ता दाखवावा. दुसरा कोणीही पाहुणा बसल्या जागेवरून सल्ला देऊन मोकळा होईल. हा उकिडवा बसतो, पान उलटं करून बघतो आणि म्हणतो, "लोह कमी असेल, नत्र कमी असेल, किंवा मुळाशी पाणी साठत असेल. एकाच झाडावरून सांगणं धाडसाचं होईल." मग मावशी आंबट ताक ओततात, कढीपत्ता हिरवागार होतो, आणि झाडांवर डॉक्टरेट मिळवलेला माणूस निमूटपणे चहा पितो.

त्याचा दोष नाही. त्याची उमेद ॲराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका तणावर खर्ची पडलेली असते. या तणाची भाजी होत नाही, तेल निघत नाही. पण दीड-दोन महिन्यांत बी पेरून बी हाती येतं, आणि साऱ्या वनस्पतींत सर्वांत आधी, 2000 साली, जीनोम वाचून झाला तो याचा. तेव्हापासून जगभरच्या हुशार माणसांनी एवढ्याशा रोपापायी डोळे अधू करून घेतले आहेत. बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये 50,000च्या आसपास मावतं. पेरताना शिंक आली तर हंगाम गेला.

आमचा पोस्टडॉक सांगलीकडच्या ऊसपट्ट्यातला, पीएच.डी. पुण्यात, सध्या मुक्काम जर्मनीत, कोलोनला. एकदा त्याने वडिलांना फोनवरून आपलं रान दाखवलं. पांढऱ्या दिव्यांखाली ट्रे, ट्रेमध्ये वीतभर रोपं.

"किती निघतं?" आप्पांनी विचारलं.

"एका झाडाला हजारो बिया येतात, आप्पा."

"मग घालता कुठं?"

"घालत नाही. जनुकं बदललेली झाडं आहेत, बाहेर सोडता येत नाहीत. थोडं बी जपून ठेवायचं, बाकी झाडं, माती, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर वाफवून टाकायचं."

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. दर न मिळालेल्या वर्षी उभा ऊस पेटवून द्यावा असं त्यांच्याही मनात आलं होतं. पण त्याला पीएच.डी. लागते हे त्यांना माहीत नव्हतं.

जनुक घालायची रीत सांगितली तर कोणाला खरी वाटत नाही. झाड फुलावर आलं की ते उलटं धरून फुलं साखरपाण्यात बुडवायची. पाण्यात ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो. तो मूळचाच घुसखोर. निसर्गात तो आपला डीएनए झाडाच्या पेशीत सारतो आणि झाडाला गाठी आणतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या पोतडीतला माल तेवढा बदलला. शंभरांतल्या एखाद्याच बीला जनुक लागतं. ते शोधायला सगळं बी कॅनामायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या बशीत पेरतात. पिवळी पडून मरतात ती नुसती झाडं. हिरवा राहतो तो शोधनिबंध. म्हणून रोज सकाळी, रविवार धरून, पोस्टडॉक बशी उजेडाकडे धरून उभा असतो, आणि बऱ्याचदा बशीत बुरशी उत्तम आलेली असते.

व्याख्यानात मात्र माणूस ओळखू येत नाही. तिथे संश्लेषी जीवशास्त्र बोलायचं असतं. पडद्यावर चौकोन आणि बाण: हा प्रमोटर, हे जनुक, हा टर्मिनेटर, 'गोल्डन गेट' पद्धतीने एका नळीत जोडलेले. झाड म्हणजे सर्किट! नत्र कमी पडलं तर पान स्वतः रंग बदलून सांगेल, अंधारात चमकेल. यातलं चमकणं अगदीच हवेतलं नाही. तशी पेटुनिया 2024 पासून अमेरिकेत लोकांना विकत मिळते. पण आमच्या माणसाचं सर्किट तंबाखूच्या एका ऑस्ट्रेलियन चुलतबहिणीच्या पानात चार दिवस झकास चालतं, आणि ॲराबिडॉप्सिसच्या तिसऱ्या पिढीत मुकाट बंद पडतं. परकं जनुक ओळखून त्याचं तोंड दाबायची झाडांना जुनी खोड आहे. प्रोफेसरांना दाखवलं की ते म्हणतात, "इंटरेस्टिंग." म्हणजे सहा महिने पाण्यात.

ही जागा मिळवायची जाहिरात मी वाचली आहे. 'वधू पाहिजे' सदर लिहिणाऱ्यानेच ती लिहिली असावी. क्लोनिंग यावं, ऊतिसंवर्धन यावं, पायथन यावं, मास स्पेक्ट्रोमेट्री येत असल्यास प्राधान्य. स्वतंत्र विचारांचा असावा आणि सांगितलेलं ऐकणारा असावा. मुदत दोन वर्षं, निधी असल्यास वाढ. म्हणून पोस्टडॉकच्या घरात कपाट नसतं. कपडे सुटकेसमध्ये, सुटकेस पलंगाखाली, पलंग आधीच्या पोस्टडॉकने सोडून गेलेला.

जर्मनीत तर पीएच.डी.नंतर अशा तात्पुरत्या करारांना साधारण सहा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. पुढे विद्यापीठाने कायम करावं किंवा निरोप द्यावा. निरोप देणं स्वस्त पडतं. प्रकल्पाच्या पैशावर पळवाट निघते, तीही हंगामीच. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने 2018 मध्ये या कायद्याची भलामण करणारी चित्रफीत काढली होती. तीत हाना नावाची काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती, आणि एकाच पिढीने जागा अडवून व्यवस्था तुंबू नये म्हणून हे सारं, असं गोड आवाजात समजावलं होतं. 2021 मध्ये हजारो संशोधक 'मीच हाना' म्हणत उसळले. आपण मोरीतला गाळ आहोत हे आमच्या माणसाला जर्मन शिकल्यामुळे कळलं. त्याने क्लास सोडला.

परत यायचं तर इथे रिसर्च असोसिएटला 2023 पासून महिना 58,000 रुपयांपासून सुरुवात, शिवाय घरभाडं. हिंजवडीतला मावसभाऊ हा आकडा ऐकून सौजन्याने पावसावर बोलायला लागतो. मुलीचे वडील एवढंच विचारतात, "कायम केव्हा होणार?"

फारच खचला की तो एनसीएलचा बांबू काढतो. रानात ज्याला फुलायला दशकं लागतात, तो बांबू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीत काही महिन्यांत फुलवला आणि 1990 साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. हे सांगताना त्याचा चेहरा उजळतो. मी एकदा सहज विचारलं, "फुलल्यावर बांबूचं पुढे काय होतं रे?"

"सहसा मरतो," तो म्हणाला, आणि पाणी प्यायला आत गेला.

गेल्या दिवाळीत तो गावी होता. आप्पांनी खोडव्याला कुठलंसं नवं ह्युमिक सोडलं होतं आणि ऊस जोमात होता. पोस्टडॉकला राहवेना. "आप्पा, असं कसं म्हणता ह्युमिकनेच आला? अर्धं रान तसंच ठेवायला हवं होतं, काही न घालता. शेजारी शेजारी बघायचं. त्याला कंट्रोल म्हणतात."

"ठेवलाय की," आप्पा बांधापलीकडे हात करत म्हणाले. "चुलत्याचं रान काय उगाच हाय व्हय?"