गुळाच्या ढेपेला बारकोड नसतो

आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकांना बिलिंगचं यंत्र दाखवायला आलेला पोरगा तासभर बोलला. क्लाउड, डॅशबोर्ड, तीन इंची थर्मल प्रिंटर. बिस्किटाचा पुडा स्कॅनरखाली धरला. ८९० ने सुरू होणारा बारकोड टुणकन वाचला गेला. काकांनी शांतपणे गुळाची ढेप पुढे सरकवली.

“आयटम मास्टरमध्ये टाकू,” पोरगा म्हणाला.

“आणि पीठ?” जुलै २०२२ पासून सुटं तोललं तर करमुक्त, लेबलच्या पिशवीत भरलं तर ५ टक्के. हे यंत्राला कळतं म्हणे. माणसांना अजून कळायचंय.

“बरं, मागच्या वाड्यातल्या वहिनींची उधारी?”

“लेजर आहे ना! तारीख उलटली की आपोआप मेसेज जातो.”

काकांचा चेहरा उतरला. “वहिनींना मेसेज? अरे, उद्यापासून त्या समोरच्याकडे जातील!”

सीएंच्या धाकाने यंत्र आलंच. गल्ल्याशेजारी ऐटीत बसलंय, वर हळदीची बोटं उमटलीत. थर्मल पावती उन्हाळ्यात आपसूक कोरी होते, ही त्यातली काकांना आवडलेली एकमेव सोय. पाठपोट हिशेबाला कागद मिळतो. वहिनींची उधारी मात्र लाल चोपडीतच आहे, शिसपेन्सिलीने.