निंदायला विमानानं

कानावर हात ठेवा, मगच पुढं वाचा. बोरी अरबमधल्या एका घरचा पोरगा (घर कोणतं ते विचारू नका, त्याच्या आजीशी माझं रोजचं बोलणं आहे) पुण्यातल्या कंप्यूटरच्या नोकरीतून बिनपगारी रजा काढून पोर्तुगालला गेला. शिकायला? नाही. फिरायला? तेही नाही. शेण काढायला! फुकट! आणि विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून! यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात ही बातमी फुटली, तेव्हा एकाचा आलूबोंडा हातातच थंड झाला म्हणे.

बरं, घरी वावर नाही असं थोडंच आहे? पऱ्हाटी आहे, तूर आहे, सोयाबीन आहे. निंदणाच्या दिवसांत बाया मिळत नाहीत म्हणून बाप पहाटेपासून शेजारच्या गावच्या ऑटोवाल्याला फोन लावत बसतो. मागच्या दिवाळीत पोराला म्हणाला, “चाल वावरात, दोन ओळी कापूस वेच.” तर पोराची पाठ धरली. तीच पाठ पोर्तुगालात सकाळी सहाला उठून कोबीच्या वाफ्यात वाकते, आणि तिचा फोटो सगळ्या गावाच्या मोबाइलवर फिरतो. बापाचं म्हणणं एवढंच, की पाठ तीच आहे ना, का तिकडं बदलून मिळते?

या खुळाची आई लंडनची. स्यू कॉपर्ड नावाची एक सेक्रेटरी. शहराच्या हवेत जीव गुदमरला, म्हणून 1971 साली तिनं शनिवार-रविवार ससेक्समधल्या इमर्सन कॉलेजच्या शेतावर राबायला जायची टूम काढली. पहिल्या खेपेला सगळे मिळून चार जण. त्या चारांचं ‘वूफ’ नावाचं जाळं झालं आणि आता ते शंभरावर देशांत पसरलंय. अट साधी: दिवसाला चार-सहा तास सेंद्रिय शेतावर राबा, मालक जेवू घालेल, झोपायला जागा देईल. पैशाचं नाव काढायचं नाही. म्हणजे आपली इर्जिकच की हो! एकाच्या रानात सगळ्यांची औतं चालायची आणि संध्याकाळी मटणाची पंगत उठायची. इर्जिकीला पासपोर्ट मात्र लागत नव्हता, आणि रस्सा झणझणीत असायचा. हा पोरगा तिकडं उकडलेले बटाटे खातोय.

आजीनं व्हिडिओ कॉलवर त्याची जी उलटतपासणी घेतली, ती मी शेजारी बसून ऐकली.

“रोजी किती देतेत रे बाबू?”

“रोजी नाही आजी. राहणं-जेवण.”

“अन् तिकीट?”

“मीच काढलं.”

“अन् काम नाही आवडलं त पळून येता येते काय?”

“येतं की.”

“मंग सालगड्यापरीस बरं हाय म्हणा. पण सालगड्याले पाडव्याले साल तरी ठरवून देतेत!”

पोरानं विषय बदलायला म्हणून कॅमेरा खताच्या ढिगाकडं वळवला. तिथंच फसला. म्हातारीनं चष्मा वर केला, ढीग निरखला आणि निकाल दिला: कोरडा पडलाय, पाणी शिंपडा, वरून पालापाचोळा झाका, नाहीतर दिवाळीपर्यंत कुजत नाही. पोरानं ते इंग्रजीत मालकिणीला सांगितलं. मालकीण वहीत लिहून घेऊ लागली!

खरी नाचक्की पुढं आहे. पोरगा विदर्भातला आहे हे कळताच मालकिणीनं त्याला सुभाष पाळेकरांबद्दल विचारलं. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे पाळेकर, 2016 चे पद्मश्री. त्यांच्या जीवामृत नावाच्या खताबद्दल तिनं कुठंतरी वाचलं होतं. “तू करून दाखव,” म्हणाली. आता याला जीवामृत कुठलं येतंय! रात्री गुपचूप बापाला फोन. बापानं पाढे म्हटल्यासारखं सांगितलं: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, तेवढंच गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. मग पेच पडला. पाळेकरांच्या शेतीत शेण देशी गाईचंच लागतं, जर्सी-होल्स्टीनचं चालत नाही. पोर्तुगालात देशी गाय आणायची कुठून? हॉटेलात यावर दोन तट पडले. एक म्हणे, तिथं जन्मली ती तिथली देशीच. दुसरा म्हणे, मुळीच नाही, देशी म्हणजे वशिंड पाहिजे. बेसनाचं काय झालं ते कळलं नाही. “धा लोकायचे भजे होतेत तेवढ्यात,” एवढं म्हणून आजीनं फोन ठेवला.

आणि ज्यांच्याकडून आपण हे सेंद्रिय-सेंद्रिय ऐकतो, त्यांची कुंडली काढली की आणखीच चाट पडायला होतं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज 1924 ते 1931 इंदूरला होता. आपल्या शेतकऱ्यांचं शेण, काडीकचरा, गोठ्यातली मूत मुरलेली माती हे सगळं बघून-मोजून त्यानं खताची ‘इंदूर पद्धत’ बसवली. शेतकरी आणि किडी हेच आपले प्रोफेसर, असं त्यानं स्वतः कबूल केलंय. त्याच्या संस्थेला पैसा मध्यवर्ती कापूस समितीचा, म्हणजे कापसाच्या गाठींवरच्या पट्टीतून आलेला. उकिरडा आपला, कापूस आपला, आणि धडे घ्यायला आपलाच पोरगा विमानानं जातो! शकुंतला रेल्वेची गोष्ट वेगळी नाही. मूर्तिजापूर-यवतमाळची ती अरुंद गाडी इंग्रजांनी वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला घातली. तिचं इंजिनही 1921 चं, मँचेस्टरमध्ये बांधलेलं होतं.

गोऱ्यांचीही ये-जा काही आजची नाही बरं का. बिहारचा 1934 चा भूकंप झाला तेव्हा पिएर सेरेझोल नावाचा स्विस इंजिनिअर गावं उभी करायला आला होता. पुढं 1961 पासून अमेरिकेच्या पीस कोअरची पोरं आली, आपल्याला कोंबड्या पाळायला शिकवू लागली. लिलियन कार्टरबाई तर अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात राबल्या. लेक अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो नंतर. आपल्याकडं त्या वयाच्या बाईला नातवंडं सांभाळण्यापलीकडं काही करू देतात का, सांगा!

आमच्या भागातही मधूनमधून एखादी गोरी पोरगी शेतात दिसते. एकीला मी कापूस वेचताना पाहिलं. कमरेला ओटी बांधलेली, पण बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोललेली, आणि ओटीत कापूस कमी, पालाच जास्त. वेचणाऱ्या बाया हसून हसून लोटपोट. त्यांची मजुरी किलोवर, त्यामुळं त्यांचे हात हसतानाही थांबत नव्हते. जाताना पोरीनं सगळ्यांसोबत फोटो काढला. तिच्या मुलखात तिला शाबासकी मिळाली असणार. बायांना दुसऱ्या दिवशी दुसरं वावर मिळालं.

हसण्यात मीही होतो. पण एका गोष्टीवर सगळ्यांची तोंडं बंद होतात. 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आजीच्या घरातला पंप तेव्हापासून बाप दुसऱ्या कुणाच्या पाठीवर देत नाही. पोरगा पोर्तुगालात विनाविषाची शेती बघतोय, यावर म्हणूनच घरात कुणी चकार शब्द काढत नाही. फक्त एवढं खटकतं, की यवतमाळचे सुभाष शर्मा नव्वदीच्या दशकापासून रासायनिक खत-औषधाशिवाय शेती करतायत, शेतातलं पाणी शेतातच मुरवतायत, 2025 ला पद्मश्री झाले. बोरीहून तिकडं जायला एसटी पुरते. पण एसटीत बसून काढलेल्या फोटोला लाइक कोण देतं?

आणखी एक खबर त्याहून झणझणीत आहे. ऑस्ट्रेलियानं 2024 ला भारतातल्या 18 ते 30 वर्षांच्या पोरांसाठी वर्षभराच्या व्हिसाच्या 1,000 जागा काढल्या, तेही चिठ्ठ्या टाकून. पंधरवड्यात जवळपास 40,000 अर्ज! तिथं खेड्यात तीनेक महिने फळं तोडली की व्हिसा वर्षानं वाढवून मागता येतो. मजुरी मिळते, हे खरं. पण वरुडच्या संत्र्याच्या बागांना तोडणीला माणूस मिळत नाही, त्याचं काय? वरुडकरांनी आता चिठ्ठ्याच टाकाव्यात. जागा 10 ठेवाव्यात, म्हणजे लोक वशिला लावतील.

आणि कळस ऐका. पोरगा परत आला. शेतकरी नवरा नको म्हणून जिथं पोरींचे बाप उंबऱ्यावरूनच वळतात, तिथं याच्या बायोडाटात ‘सेंद्रिय शेतीचा अनुभव, पोर्तुगाल’ लिहिल्यावर स्थळं रांगेत उभी राहिली. एका मुलीच्या बापानं तेवढं खोदून विचारलं, “शेतात राबणार नाही ना हो मुलगा?”

पोराच्या बापानं छातीवर हात ठेवून सांगितलं, “अजिबात नाही. इकडं तर नाहीच.”

साखरपुडा ठरला.